तलावातली चित्रविचित्र बदकं ओळखताना

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की ठाणे खाडीच्या आणि नवी मुंबईतल्या पाणथळींच्या फोटोंनी व्हॉट्सॲपचे ग्रुप भरून जातात. त्यात एक फोटो हमखास असतो: तलावात एकटंच फिरणारं काळं बदक, डोक्यावर हिरवी झळाळी, गळ्याखाली पांढरा डाग. कधी ते पांढरंफेक असतं, कधी खाकी, कधी अर्धं पांढरं आणि अर्धं तपकिरी. खाली मजकूर असतो, ‘दुर्मिळ परदेशी पाहुणा दाखल’. चार दिवसांत तोच मजकूर कुठेतरी बातमी म्हणून छापून येतो. असं बदक बहुतेक वेळा कुणीतरी पाळलेलं आणि नंतर पाण्यात सोडून दिलेलं असतं, नाहीतर पाळीव आणि रानटी बदकांचा संकर असतो. ते ओळखणं फार कठीण नाही, पण नजर नेमकी कुठे टाकायची ते ठाऊक असावं लागतं. ही माहिती मराठीत एका जागी सहसा मिळत नाही, म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

जगभर पाळली जाणारी बदकं दोनच रानटी जातींपासून आली आहेत. एक मॅलार्ड, म्हणजे जिच्या नराचं डोकं झळाळतं हिरवं असतं ती, आणि दुसरी मध्य व दक्षिण अमेरिकेतली मस्कोव्ही. मस्कोव्हीला तिथल्या मूळ रहिवाशांनी कोलंबस पोचण्याच्या आधीच माणसाळवलं होतं. पांढरं पेकिन, खाकी कॅम्पबेल, उभ्या अंगाचं इंडियन रनर, धिप्पाड रूआँ, हिरव्या झळाळीचं काळं कयुगा ही नावं कितीही वेगळी वाटली तरी सगळी मॅलार्डचीच वंशावळ आहे. त्यामुळे अनोळखी बदक दिसलं की ‘ही कुठली जात?’ असं विचारण्याआधी ‘हे मॅलार्डकडचं की मस्कोव्हीकडचं?’ हे विचारावं. या दोन्ही घराण्यांतलं नाही अशी खात्री पटली, तरच पक्ष्यांचं पुस्तक उघडावं.

रानटी मॅलार्ड हिवाळ्यात भारतात येतं, पण मुख्यतः उत्तरेकडे. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात ते क्वचित दिसतं. म्हणून मासुंदा किंवा उपवन तलावात, एखाद्या उद्यानातल्या तळ्यात हिरव्या डोक्याचं, माणसांच्या पायाशी घोटाळणारं बदक दिसलं तर ते पाळीव आहे असंच धरून चालावं. मे महिन्यात दिसलं तर शंकेला जागाच नाही, कारण पाहुणी बदकं तेव्हा उत्तरेला परतलेली असतात.

आता रंगांविषयी. पिसांतला काळा-तपकिरी रंग मेलॅनिनचा असतो. हे रंगद्रव्य तयार होण्यात किंवा पिसात उतरण्यात जनुकीय बदल झाला की रंग फिका होतो किंवा साफ जातो. रानात असं पिल्लू शिकाऱ्यांच्या नजरेत लवकर भरतं आणि सहसा टिकत नाही. माणसाने मात्र नेमकी अशीच पिल्लं निवडून वाढवली. एकोणिसावं शतक संपताना आणि विसावं उजाडताना इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल यांनी रनर, रूआँ आणि रानटी मॅलार्ड यांच्या संकरातून खाकी कॅम्पबेल तयार केलं, ते अंड्यांसाठी. चांगली मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. तिचा खाकी रंग लिंगाशी जोडलेल्या एका जनुकातून येतो आणि अशी पिसं उन्हात आणखी विटतात. त्यामुळे एकच मादी पिसं बदलल्यावर गडद खाकी आणि उन्हाळ्याच्या अखेरीला जवळजवळ मळक्या पांढऱ्या रंगाची दिसू शकते. फोटो बघून ही दोन वेगळी बदकं आहेत अशी समजूत होते ती यामुळे.

म्हणजे रंग हा सर्वांत बेभरवशाचा पुरावा. आधी अंगाची ठेवण बघावी. रानटी बदक पाण्यावर आडवं, हलकं बसतं आणि पाठ जवळपास सपाट असते. पाळीव बदकाचा मागचा भाग जड, पोट खाली ओघळलेलं, जमिनीवर चालताना दोन्ही बाजूंना झुलणारं. रानटी मॅलार्ड साधारण सव्वा किलोच्या आत-बाहेर, तर पेकिन आणि रूआँ तीन ते चार किलोंपर्यंत जातात. शेजारी हळदी-कुंकू (आपल्या भागातलं बारमाही रानटी बदक, त्याचं वर्णन पुढे येईल) असेल तर तुलना सोपी होते, कारण तेही सव्वा किलोच्या आसपासचं असतं. ज्या बदकापुढे हळदी-कुंकू लहान दिसतं ते पाळीव रक्ताचं असणार. रनर बारीक असतं, पण इतकं ताठ उभं राहतं की चुकायला वाव नाही. डोक्यावर पिसांचा गोंडा असला, तर तो पाळीव बदकांतल्या एका जनुकाचा परिणाम असतो, कुठल्या दुर्मिळ जातीचा तुरा नव्हे.

ठेवणीनंतर गळ्याखालचा पांढरा डाग. गडद अंगाच्या बदकाला छातीच्या वरच्या भागात पांढरा ठिपका किंवा लाळेरं बांधल्यासारखा पांढरा पट्टा दिसला, की निम्मं काम झालं. हा डाग पाळीव मॅलार्डांत अतिशय सर्रास आढळतो, आणि त्याच्या जोडीला बऱ्याचदा पंखांची टोकाची मोठी पिसंही पांढरी असतात. डागाची कड वेडीवाकडी असते आणि डावी बाजू उजवीशी जुळत नाही. रानटी जातींच्या अंगावरचं पांढरं मात्र ठरलेल्या जागी, नेमक्या कडांचं आणि दोन्ही बाजूंना सारखं असतं.

यानंतर शेपटी. मॅलार्ड नराच्या शेपटीवर मध्यभागी काळी पिसं असतात आणि ती वर व पुढे वळून आकड्यासारखी गोल झालेली असतात. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या इतर कुठल्याही बदकाला असे आकडे नसतात. पेकिन कितीही पांढरं झालं, कॅम्पबेल कितीही खाकी झालं, तरी नराच्या शेपटीवर हे आकडे राहतात, फक्त अंगाच्या रंगाचे होतात. पांढऱ्या पक्ष्याचे पांढरे आकडे दुरून ओळखू येत नाहीत. त्यासाठी पक्षी बाजूने, शेपटीमागे गडद पाणी असताना बघावा. पिसं गळण्याच्या दिवसांत आकडेही गळतात, म्हणून ते दिसले नाहीत एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दिसले तर मात्र मॅलार्डचं रक्त नक्की.

मस्कोव्हीची गोष्ट वेगळी. डोळ्याभोवती आणि चोचीच्या मुळाशी लाल, खडबडीत, मांसल कातडी, रुंद शेपूट, पायांना टोकदार नख्या. ते झाडाच्या फांदीवर किंवा छपरावरही बसतं. मादीचा आवाज क्षीण असतो आणि नर नुसता फुसफुसतो. नर चार-पाच किलोंचा, मादी जेमतेम त्याच्या निम्मी. मूळ रंग काळा, पंखावर पांढरा डाग; पाळीव पक्षी पांढरे, करडे, काळे-पांढरे असे हवे तसे. काळ्या-पांढऱ्या मस्कोव्हीला आपल्याकडे हटकून नकटा हे रानटी बदक समजलं जातं. नकट्याचं डोकं पांढरं असतं, त्यावर बारीक काळे ठिपके, चोच काळी आणि नराच्या चोचीवर काळसर मांसल उंचवटा. त्याच्या तोंडावर लाल कातडी कुठेच नसते. लाल दिसलं की नकटा बाद.

खाकी किंवा बदामी पाळीव बदकाची अशीच गल्लत चक्रवाकाशी होते. इथे चोच आणि पाय बघितले की प्रश्न मिटतो. चक्रवाकाचे दोन्ही काळे असतात, अंग एकसारखं नारिंगी, डोकं फिकं, आणि उडताना पंखांच्या पुढच्या भागात मोठा पांढरा पट्टा लखकन दिसतो. पाळीव बदामी बदकाचे पाय नारिंगी आणि चोच पिवळट, नारिंगी किंवा हिरवट. पाळीव हंसांबद्दल इतकंच, की चोचीच्या मुळाशी गोल टेंगूळ असलेला हंस हा स्वान गूझ या रानटी हंसापासून आलेला चिनी पाळीव हंस, आणि नारिंगी चोचीचा, टेंगूळ नसलेला जाडजूड हंस ग्रेलॅग या दुसऱ्या रानटी हंसापासून आलेला. आपल्याकडे येणाऱ्या पट्टकादंब या रानटी हंसाच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या असतात. त्या नसतील तर तो पट्टकादंब नाही.

खरी कसोटी लागते ती संकराच्या वेळी, आणि हे पत्र लिहिण्याचं मोठं कारणही तेच आहे. आपल्या भागात बारमाही राहणारं आणि इथेच वीण करणारं हळदी-कुंकू बदक मॅलार्डचं अगदी जवळचं नातेवाईक आहे. या दोघांची पिल्लं होतात आणि ती पुढे प्रजननक्षमही असतात. मस्कोव्हीचा आणि पाळीव मॅलार्डचा संकर मात्र वांझ निघतो, त्यामुळे तो एका पिढीत थांबतो. म्हणजे तलावात सोडलेली चार पेकिन किंवा कॅम्पबेल बदकं हळदी-कुंकूच्या वंशाला मस्कोव्हीपेक्षा जास्त धोकादायक.

शुद्ध हळदी-कुंकू आधी नीट डोळ्यांत साठवावं. चोच काळी, तिचं टोक ठळक पिवळं, आणि कपाळाशी, जिथे चोच सुरू होते तिथे, दोन्ही बाजूंना एकेक लाल ठिपका. चेहरा आणि मान फिकट, डोक्याचा माथा गडद, डोळ्यातून जाणारी रेघ काळी. छातीवर गडद ठिपके, अंगावरची पिसं तपकिरी आणि प्रत्येकाला फिकी किनार, त्यामुळे अंग खवल्यांचं दिसतं, ते मागे जाताजाता जवळपास काळं होतं. पाय नारिंगी-लाल. बसलेल्या पक्ष्याच्या पाठीवर, शेपटीच्या जरा आधी, एक लांबट पांढरा पट्टा दिसतो. पंखाच्या आतल्या मोठ्या पिसांचा हा पांढरा रंग खाडीत दोनशे मीटरवरूनही नजरेत भरतो. पंख उघडला की हिरवी चकाकती पट्टी. नर आणि मादी जवळपास सारखेच. मादी आणि लहान पक्ष्यांत लाल ठिपके पुसट असतात किंवा नसतातच. म्हणून लाल ठिपका नाही एवढ्यावरून कुणी त्याला संकर ठरवू नये.

संकर पक्ष्यात या खुणा विस्कटतात. चोचीचं टोक पिवळं असतं, पण मागचा भाग काळ्याऐवजी शेवाळी किंवा पिवळट, आणि दोहोंतली सीमा धूसर. माथ्यावर किंवा डोळ्यामागे हिरवी झळाळी उमटते. छातीवर तांबूस छटा येते, खवले मोडतात. पाठीवरचा पांढरा पट्टा आखडतो किंवा करडा होतो. पंखावरची चकाकती पट्टी हिरव्याकडून निळ्या-जांभळ्याकडे झुकते, आणि तिच्या पुढे व मागे मॅलार्डसारख्या दोन्ही बाजूंना ठसठशीत पांढऱ्या रेघा दिसतात. नर असेल तर शेपटीवर अर्धवट वळलेली पिसं. पाळीव पालक रंगीत असेल तर या सगळ्यावर गळ्याखालचा पांढरा डाग किंवा एखादं पांढरं पंखपीस. यातली एकच खूण सापडली तर ‘संशयित’ म्हणावं. चोच, डोकं आणि शेपूट तिन्ही ठिकाणी बिघाड दिसला तर संकर म्हणायला हरकत नाही. पण संकर पक्षी पुन्हा शुद्ध हळदी-कुंकूशी जुळला, तर त्याची पिल्लं एक-दोन पिढ्यांत डोळ्यांना शुद्धच दिसू लागतात. तिथे दुर्बीण थकते, उत्तर फक्त डीएनए तपासणीतून मिळतं. म्हणूनच ही सरमिसळ सुरुवातीलाच ओळखू यायला हवी.

रानटी जातींचेही आपसात संकर होतात, आणि त्यांची एक गंमतशीर खूण आहे. तलवार बदक आणि चक्रांग, किंवा थापट्या आणि गडवाल यांच्या संकर नराच्या तोंडावर कधीकधी फिक्या गालावर गडद उभी रेघ असा नक्षीदार मुखवटा दिसतो, जो आई-बापांपैकी कुणाचाच नसतो. तो बैकल टील या वेगळ्याच जातीच्या बदकासारखा दिसतो, त्यामुळे बैकल टीलची उत्साही नोंद करण्याआधी अंगाचा आकार आणि चोचीची रुंदी तपासावी.

आता उलट बाजू, म्हणजे विचित्र दिसणारी पण पूर्णपणे रानटी बदकं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नुकते पोचलेले नर अनेकदा विणीनंतरच्या फिक्या पिसाऱ्यात असतात. पक्षीनिरीक्षक त्याला एक्लिप्स म्हणतात. नराचा भडक रंग गेलेला, मादीसारखा तपकिरी आलेला, आणि नवा रंग ठिगळाठिगळाने उगवतोय अशी अवस्था. थापट्याचा नर या काळात फारच फसवतो, कारण त्याच्या चेहऱ्यावर चोचीमागे फिकी चंद्रकोर दिसते आणि लोक त्याला दुसऱ्याच खंडातली जात ठरवतात. चमच्यासारखी रुंद चोच आणि पंखाच्या पुढच्या भागातला फिका निळा रंग मात्र बदललेला नसतो. एक्लिप्समध्ये चोचीचा आणि पंखाचा रंग सहसा टिकतो, म्हणून बिचकल्यावर तिथेच परत यावं. हळदी-कुंकूला असा ठळक एक्लिप्स नसतो. ते ठिगळाठिगळाचं दिसलं तर कारण दुसरं शोधावं लागतं.

डोकं आणि छाती गंजासारखी तांबूस झालेली दिसली, तर बऱ्याचदा तो लोहाचा थर असतो. लोहयुक्त चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांवर तो चढतो आणि पिसं गळेपर्यंत जात नाही. त्याची कड धूसर असते, आणि चिखलात बुडणाऱ्या भागापुरताच तो असतो. पोटाखाली काळं दिसलं तर खाडीतल्या तेलाचाही विचार करावा, अशा पक्ष्याची पिसं चिकटलेली दिसतात आणि तो सतत ती चोचीने साफ करत बसतो. वयस्क किंवा अंडाशय निकामी झालेली मादी कधीकधी नराचा पिसारा धारण करते, कारण मादीचा तपकिरी पिसारा टिकवण्याचं काम तिच्या अंडाशयातलं संप्रेरक करत असतं. अशी मॅलार्ड मादी हिरव्या डोक्याची दिसते, पण तिची चोच बहुधा मादीसारखी, नारिंगीवर काळे डाग असलेली राहते.

रानटी जातीतलंच पिल्लू रंगद्रव्य कमी होऊन पांढरं होणं हा प्रकारही आहे, पण फार विरळा. त्याला सरसकट ‘अल्बिनो’ म्हणणं चूक. अल्बिनोत मेलॅनिन अजिबात नसतं आणि डोळे गुलाबी-लाल दिसतात. डोळे गडद असतील तर तो ल्युसिस्टिक, म्हणजे पिसांत रंगद्रव्य कमी उतरलेला, किंवा वाढत्या वयात पांढरा होत गेलेला पक्षी असू शकतो. पांढऱ्या पेकिनचे डोळेही गडदच असतात, तेव्हा पुन्हा ठेवण: अंग लहान, पोट सपाट, उडताना सोबतच्या थव्याच्या वेगाने जात असेल, तरच रानटी पांढऱ्या पक्ष्याचा दावा करावा.

‘उडत नाही, म्हणजे पाळीव’ ही समजूतही अपुरी आहे. सगळी बदकं विणीनंतर उड्डाणाची पिसं एकदम टाकतात आणि तीन-चार आठवडे उडू शकत नाहीत. हळदी-कुंकूही याला अपवाद नाही. दुसरीकडे मस्कोव्ही आणि पहिल्या पिढीतले संकर चांगले उडतात. आणि पंखाचं टोक अंगाला चिकटून न राहता बाहेर लटकणारं बदक दिसलं, तर तो एंजल विंग नावाचा मनगटाच्या सांध्याचा दोष असतो. वाढीच्या वयात पिल्लाला ब्रेड, चुरमुरे, वेफर्स यांसारखं पिष्टमय खाणं जास्त मिळालं की त्याची शक्यता वाढते. पंख एकदा असा वळला आणि पक्षी मोठा झाला की सहसा तो सरळ होत नाही. तलावाच्या काठावर बदकांना पाव घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बदकाला काही घालायचंच असेल तर बारीक चिरलेली पालेभाजी किंवा भिजवलेलं धान्य, तेही मूठभर, आणि पाण्यात सडणार नाही एवढंच. उन्हाळ्यात उथळ, कोमट, सडक्या पाण्यात बोट्युलिझमचं विष तयार होतं आणि बदकांच्या माना लुळ्या पडतात. त्या सडण्यात आपण टाकलेल्या पावाची भर नको.

फोटो काढताना नुसता सुंदर फोटो कामाचा नाही. पक्ष्याच्या पातळीवरून, बाजूने, चोच आणि शेपूट दोन्ही स्पष्ट येतील असा एक. समोरून छातीचा एक. आणि उघड्या पंखाचा एक, असे किमान तीन हवेत. उघडा पंख मिळवण्यासाठी पक्ष्याला उडवायची गरज नसते. पोटभर खाऊन पिसं साफ करून झाली की बदक एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदम मागे ताणतं. तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. साफसफाई सुरू झाली की मोबाइलवर व्हिडिओ लावून ठेवावा, चकाकत्या पट्टीचा रंग आणि तिच्या दोन्ही कडा नंतर सावकाश बघता येतात. हिरवी झळाळी ही रंगद्रव्याची नसून पिसाच्या रचनेमुळे पडणाऱ्या प्रकाशाची आहे, त्यामुळे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तीच जांभळी किंवा काळी दिसते. एकाच कोनातून काढलेल्या फोटोवर डोक्याचा रंग ठरवू नये. फोटोचा ब्राइटनेस वाढवलेला असेल तर तसं सांगावं, कारण करडं पांढरं करून टाकणारे फोटो फार फिरतात.

खाडीवर भरतीची वेळ बघून जावं. ओहोटीला पक्षी दूर चिखलावर पसरलेले असतात, भर दुपारी तर हवेच्या लाटांत रंगच कळत नाहीत. भरतीला ते विश्रांतीसाठी सीवूड्स, नेरूळ परिसरातल्या आतल्या पाणथळींवर सरकतात, तेव्हा सकाळच्या उन्हात आठ किंवा दहा पटीच्या दुर्बिणीनेही पुरेसं दिसतं.

नोंदीबद्दल आग्रहाने सांगायचं आहे. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. तिचे आकडे पाणथळींच्या रक्षणासाठी वापरले जातात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, त्यामागेही अनेक वर्षांच्या पक्षीनोंदींचं बळ आहे. त्या नोंदींत पाळीव पेकिन ‘मॅलार्ड’ म्हणून शिरलं की आकडे आणि जातींची यादी दोन्ही गढूळ होतात. पण म्हणून पाळीव बदक नोंदीतून गाळणंही बरोबर नाही. पक्षीनोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळावर ‘मॅलार्ड, पाळीव प्रकार’ आणि ‘मस्कोव्ही, पाळीव प्रकार’ अशा स्वतंत्र नोंदी करता येतात, त्या कराव्यात. संकराची शंका असेल तर त्याचा पर्याय निवडून चोच, छाती, पंख, शेपूट यांचं दोन ओळींत वर्णन लिहावं. एखाद्या पाणथळीवर पाळीव बदकं कधी आली, किती वाढली, पिल्लं कधी दिसली, हे त्याच नोंदींतून पुढे कळतं.

हे सगळं कशासाठी, असं वाचकांना वाटेल. न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणून सोडलेल्या मॅलार्डशी संकर होऊन तिथलं मूळ ग्रे डक शुद्ध रूपात आता फार थोडं उरलं आहे. हवाई बेटांवरच्या कोलोआ बदकाचं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या यलो-बिल्ड डकचं दुखणंही हेच. या तिन्ही जाती हळदी-कुंकूसारख्याच मॅलार्डच्या जवळच्या नात्यातल्या आहेत. आपल्याकडे पाळीव बदकांची संख्या अजून हाताबाहेर गेलेली नाही, पण हळदी-कुंकूला पावसाळ्यानंतरची गवताळ पाणथळ जितकी कमी मिळेल तितकं ते उद्यानांतल्या तळ्यांकडे, पाळीव थव्यांकडे ढकललं जाईल. पाळीव नर विणीच्या हंगामाचं भान ठेवत नाहीत आणि माद्यांवर जबरदस्ती करतात. शिवाय पाळीव बदकं बर्ड फ्लूचा विषाणू अंगात बाळगूनही वरून ठणठणीत दिसू शकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कोंबड्यांत ही साथ आली होती. रानटी आणि पाळीव थवे एकाच तळ्यात ठेवणं या दृष्टीनेही धोक्याचं आहे.

बाजारातून आणलेली पिवळी पिल्लं दोन महिन्यांत जवळपास पूर्ण वाढतात, घाण करतात, माद्या मोठ्याने ओरडतात. मग त्यांना ‘मोकळं करायचं’ म्हणून तलावात किंवा खाडीलगतच्या पाणथळीत नेऊन सोडलं जातं. ते करू नये. आधी बदकं पाळणाऱ्या शेतकऱ्याकडे विचारावं, किंवा पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर सल्ला मागावा. सोसायटीच्या तळ्यात बदकं ठेवायचीच असतील तर नर आणि मादी वेगळे ठेवावेत, किंवा अंडी उबवायला बसण्याआधी गोळा करावीत. मॅलार्डच्या वंशातल्या बदकांची अंडी साधारण २८ दिवसांत आणि मस्कोव्हीची ३५ दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्यातून एकदा तपासणी पुरते. मात्र पावसाळ्यात मोकळ्या गवतात सापडलेलं घरटं हळदी-कुंकूचंही असू शकतं. ती अंडी आणि तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. घरट्यावर कोण बसतं ते लांबून बघितल्याशिवाय अंड्यांना हात लावू नये. जखमी किंवा तेलाने माखलेलं रानटी बदक सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं, पक्षी खोक्यात, अंधारात ठेवावा आणि चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं.

शेवटी आपल्यासारख्या वृत्तपत्रांना एक विनंती. बदकाचा फोटो छापायला आला तर बातमीदारांनी पाठवणाऱ्याकडे बाजूने काढलेला फोटो, ठिकाण, तारीख आणि पक्षी माणसाजवळ येत होता का, एवढी माहिती मागावी. गळ्याखाली पांढरा डाग, शेपटीवर वळलेली पिसं किंवा तोंडावर लाल कातडी यातलं काही दिसलं, तर ‘परदेशी पाहुणा’ न छापता ‘तलावात सोडलेलं पाळीव बदक’ असं छापावं आणि ते सोडू नये हेही त्याच चौकटीत लिहावं.

आपले,
ठाणे खाडी व नवी मुंबईच्या पाणथळींवर पक्षीगणना करणारे काही पक्षीनिरीक्षक